भरल्या टाकीवर बंद पडणारी गाडी

३ सप्टेंबर

भाऊजी,

नमस्कार मागच्या पत्रात घातला होता, तोच पुरवून वापरा. मला एवढंच सांगा, कार्बोरेटर उघडायला तुम्हाला सांगितलं कोणी? मी लिहिलं होतं, हात लावू नका. दिवसभर दुकानात बसून दुसऱ्यांच्या चष्म्याच्या काचा घासता, तर एक जोडी स्वतःसाठी पण घासा. म्हणजे 'नका' हा शब्द दिसेल.

आणि वर विचारता, 'पाणी कुठून घालायचं?' भाऊजी, त्या गाडीत पाणी नसतं. कधीच नव्हतं. इंजिन मागे, त्याच्या डोक्यावर पंखा. पंखा हवा मारतो आणि हवेनं इंजिन थंड होतं. लग्नाला इतकी वर्षं झाली, सासऱ्याची एकच गाडी, तीही रोज दारात उभी, आणि जावयाला माहीत नाही की तिला रेडिएटर नाही. तुम्ही हे आप्पांच्या समोर विचारलं नाहीत ना? विचारलं असेल तर जाऊ द्या, त्यांचं तुमच्याबद्दलचं मत तसंही पक्कं आहे.

आता नीट वाचा. गाडी बंद पडते म्हणजे कशी पडते? झटक्यात, दिवा विझल्यासारखी, की खोकत खोकत? झटक्यात असेल तर करंटचा दोष, खोकत असेल तर पेट्रोलचा. गरम झाल्यावर पडते की निघाल्या निघाल्या? टाकी भरलेली असते की तळाला गेलेली? आणि बंद पडली की लगेच पेट्रोलचं झाकण उघडायचं, कान जवळ न्यायचा. आत हवा ओढल्यासारखा आवाज येतो का, ते ऐकायचं. कान तरी चालतात ना?

आप्पांना या चौकशीत घालू नका. ते मला खरं सांगणार नाहीत, 'गाडी उत्तम आहे' म्हणतील. मरणाच्या दारातल्या गाडीलाही ते उत्तम म्हणतात.

ही थट्टा नाही, भाऊजी. धुलाईखान्यातून आप्पा हायवेवरच्या हॉटेलात चादरी नेतात, त्या दोनदा उशिरा पोचल्या असं ताईनं लिहिलं. आणखी एकदा झालं की धुलाईखान्याचा मालक ते काम टेम्पोवाल्याला देऊन मोकळा होईल. आप्पांकडून गाडी गेली की त्यांच्याकडे काय उरतं? खुर्ची. तो माणूस खुर्चीत किती दिवस काढेल ते तुम्हीच ठरवा.

फोन करू नका. इथे खाणीवर फोन मुकादमाच्या टेबलावर आहे आणि मुकादम शेजारी कान लावून ऐकत बसतो. या मुकादमाशीही माझं वाजलंय. दगड फोडायच्या मशीनला तेल कधी घालायचं हे तो मला शिकवतो.

तुमचा मेहुणा


१४ सप्टेंबर

मेहुणेबुवा,

तुझं पत्र पोचलं. सहावीत शाळा सोडलेल्या माणसाकडे एवढा उर्मटपणा कुठून येतो याचं मला नवल वाटतं. शाळेत तर तो पदवीनंतर शिकवतात.

तुझ्या प्रश्नांची उत्तरं. गाडी धुलाईखान्यातून निघते तेव्हा ठीक असते. बाजारातून, गल्ल्यांतून ठीक जाते. गावच्या पाण्याच्या टाकीजवळचा चढ लागला की खोकते, आणि हायवेच्या फाट्याला पोचायच्या आत बंद पडते. थोडा वेळ उभी राहिली की सुरू होते, पुन्हा बंद पडते. झाकण मी स्वतः उघडून कान लावला. काही आवाज आला नाही. टाकी भरलेली असो की रिकामी, काही फरक पडत नाही. आता तुझं पांडित्य चालू दे.

माझं मत तू विचारणार नाहीस, म्हणून न विचारता देतो. गाडी विकून टाकावी. जुन्या गाड्या गोळा करणारे एक गृहस्थ माझ्या दुकानात चष्मा करायला आले होते. ती दारात उभी पाहून त्यांच्या तोंडाला पाणी सुटलं. ते तिला रंग देतील, काचेच्या खोलीत ठेवतील, रविवारी पुसतील. तुझ्या बहिणीची कटकट संपेल, आप्पाही जरा टेकतील.

आप्पांची तब्येत ठणठणीत आहे. परवा दुकानात आले आणि अक्षरांच्या तक्त्यावरची सगळ्यात खालची ओळ चष्म्याशिवाय वाचून दाखवली. वर म्हणाले, 'यातलं एक अक्षर वाकडं छापलंय.' खरंच वाकडं आहे. मला इतक्या वर्षांत दिसलं नव्हतं.

डावा आरसा तेवढा पुन्हा नवीन बसवावा लागला. गल्ली अरुंद आहे.

तुझा भाऊजी


२७ सप्टेंबर

भाऊजी,

गोळा करणाऱ्या गृहस्थाला सांगा, त्यानं आधी आपली अक्कल गोळा करावी. काचेच्या खोलीत ठेवणार म्हणे! ती गाडी आहे, फुलदाणी नाही. आणि तुमच्या मनात हे विकायचं कधीपासून शिजतंय, तेही मला कळतं. तिच्या जागी तुम्हाला दुकानाचा बोर्ड लावायचाय, दारात, दिवे लावून.

तुमच्या उत्तरांना काही अर्थ नाही. तरी त्यातल्या त्यात गरम झाल्यावर बंद पडते आणि गार झाल्यावर सुरू होते, एवढं धरून चालतो. तीन जागा बघायच्या. इंजिनच्या भोवती रबराची पट्टी असते, खालची गरम हवा वर येऊ नये म्हणून. ती फाटली असेल तर पंखा आपलीच गरम हवा पुन्हा गिळतो आणि इंजिन तापतं. बोट फिरवून बघा. दुसरं, पेट्रोलची नळी कुठे गरम पत्र्याला टेकली आहे का. टेकली असेल तर आतच वाफ होते आणि पंपाला नुसती वाफ ओढावी लागते. तिसरं, कॉइल. जुनी कॉइल तापली की मरते, थंड झाली की जिवंत होते, अगदी आपल्या मुकादमासारखी. कॉइल मी पाठवतोय. इथून दगड घेऊन जाणारा ट्रकवाला तुमच्याकडून जातो, त्याच्याकडे दिलीय. जुनी आहे पण माझ्या हाताखालून गेलेली आहे. ती बसवायला कोपऱ्यावरच्या मेकॅनिकला बोलवा. तुम्ही स्वतः बसवलीत तर मी इथून निघून येईन आणि ते तुम्हाला आवडणार नाही.

गल्लीचं बोलू नका. गल्ली मी होतो तेव्हाही तेवढीच होती. आप्पांनी त्या गल्लीतून गाडी डोळे मिटून काढलीय. तुम्हीच तुमची स्कूटर भिंतीला लावायच्या ऐवजी रस्त्यात लावत असणार. ती तिकडून हलवा, आरसे वाचतील.

मुकादमानं मला दुरुस्तीच्या शेडमधून काढून दगड फोडायच्या क्रशरवर टाकलंय. धुळीनं दात किरकिर करतात. तिकडचं आप्पांचं काम सुटलं तर इथून मी काय पाठवणार आहे, हे तुम्हाला समजावं म्हणून लिहितोय, कीव करावी म्हणून नाही.

मेहुणा


११ ऑक्टोबर

प्रिय भिंगरी,

यांचं आणि तुझं काय चाललंय मला कळत नाही. हे तुझं पत्र वाचतात, हसतात, घडी करून खिशात घालतात आणि दिवसभर तोंड वाकडं करून बसतात. म्हणून म्हटलं, मीच लिहिते.

तुझी कॉइल बसवली. मेकॅनिकनं रबरही बघितलं, नळीही बघितली. म्हणाला, 'सगळं झकास आहे, ताई, बिघाड सापडला तर मलाही सांगा.' आणि गाडी परवा पुन्हा चढावर बसली. या वेळी आप्पांनी शेजारच्या रिक्षावाल्याकडून चादरी पुढे धाडल्या, म्हणून वेळेत पोचल्या. मालकाला पत्ता लागला नाही.

आप्पांचं मात्र वेगळंच म्हणणं आहे. ते म्हणतात, टाकी गळ्यापर्यंत भरली की ही लवकर रुसते, आणि अर्ध्यावर असली की कधी कधी फाट्याच्याही पुढे जाते. मी म्हटलं, आप्पा, उलटं सांगताय, रिकामी असल्यावर बंद पडते गाडी. तर माझ्यावरच डाफरले, 'तुझ्या नवऱ्याला विचार, रोज सकाळी स्कूटरवरून कॅन आणून तोच भरतो.' आणि बंद पडली की ते झाकण उघडतात, पेट्रोल आहे का बघायला. उघडलं की मोठ्यानं सूं करते, जणू उसासा टाकते, आणि मग शहाण्यासारखी सुरू होते. यांना सांगितलं तर म्हणाले, हे त्याला लिहू नकोस, उगाच गोंधळेल. पण तू कधी गोंधळलायस?

बाकी ठीक. आप्पा जरा थकलेत. दाराच्या चौकटीला डावा खांदा घासून आत येतात. पुढ्यात दोन कप ठेवले की डावीकडचा हमखास पाडतात आणि म्हणतात, 'कप इथे ठेवला कुणी?' मी ठेवला, आणखी कोण ठेवणार! म्हातारपण, दुसरं काय.

धुळीनं खोकला होईल, गरम पाणी पीत जा. तोंडाला रुमाल बांध. मुकादमाशी भांडू नकोस.

ताई


१९ ऑक्टोबर

भाऊजी,

मागची पत्रं बाजूला ठेवा. हे उभं राहून वाचा.

तुम्ही मला खोटं लिहिलंत. 'काही आवाज आला नाही', 'काही फरक पडत नाही'. आवाज पण येतो आणि फरक पण पडतो. ताईनं लिहिलंय.

टाकीतून पेट्रोल खाली जातं तेव्हा त्याच्या जागी हवा यावी लागते. त्यासाठी टाकीच्या वरून एक बारीक नळी बाहेर काढलेली असते. टाकी तिच्यातून श्वास घेते. ती नळी बुजली की आत पोकळी होते, पंप ओढतो आणि टाकी सोडत नाही. टाकी भरलेली असेल तर आत हवा थोडी, म्हणून पोकळी लवकर होते. अर्धी असेल तर हवा भरपूर, म्हणून गाडी लांब जाते. झाकण उघडलं की हवा आत घुसते, सूं! दुसरा कोणताही बिघाड टाकी किती भरली आहे हे विचारत नाही. हे सगळं पहिल्या पत्राला खरं उत्तर दिलं असतं तर तेव्हाच कळलं असतं. दीड महिना मला खाणीच्या धुळीत कॉइलचा विचार करायला लावलात.

आणि तुम्ही रोज सकाळी टाकी गळ्यापर्यंत भरता. वा रे जावई! स्वतःच्या खर्चानं! म्हणजे ती नळी आपोआप बुजलेली नाही, भाऊजी. गाडी रोज अडावी, काम जावं, आप्पांनी कंटाळून 'विका' म्हणावं, आणि तुमच्या त्या गृहस्थानं काचेची खोली उघडावी. एवढंच कारस्थान तुमच्या डोक्याला झेपणारं आहे. मला वाटायचं तुम्ही नुसते बावळट आहात. ते परवडलं असतं.

आता तुमच्याकडून काही नको. मी आजच आप्पांना वेगळं पाकीट टाकलंय. नळी कुठून कुठे जाते, तार कशी घालायची, सगळं चित्र काढून दिलंय. तुमचं नाव लिहिलं नाही. ते त्यांना कळेलच.

मेहुणा


३० ऑक्टोबर

मिस्त्री,

तुझं निदान पूर्ण बरोबर आहे. अभिनंदन. आता ऐक.

नळी मी बुजवली. काच घासताना ती दांड्याला धरून राहावी म्हणून आम्ही काळी लाख वापरतो, तिचा गोळा तापवून आत दाबला. नळी बुजली की गाडी अडते हे मला कुणी शिकवलं म्हणतोस? तूच. मागच्या वेळी आला होतास तेव्हा जेवता जेवता टाकीच्या श्वासावर भाषण दिलं होतंस. माझं लक्ष नाही असं तुला वाटलं.

आप्पांना काचबिंदू आहे. या आजारात समोरचं शेवटपर्यंत दिसतं आणि कडा खाल्ल्या जातात. तक्त्याची खालची ओळ ते वाचतात आणि शेजारी उभा असलेला माणूस त्यांना दिसत नाही. वाईट म्हणजे तिथे अंधार दिसत नाही, तिथे काही नाहीच असं वाटतं. उन्हाळ्यात मी त्यांना मोठ्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी थेंब दिले आणि गाडी चालवायची नाही असं लिहून दिलं. बाहेर पडल्यावर आप्पांनी तो कागद घडी करून बुटात घातला आणि मला शपथ घातली. पोरीला सांगायचं नाही, पोराला तर नाहीच. 'तो काम टाकून पळत येईल, त्याला पळायला निमित्तच हवं असतं.' हे त्यांचे शब्द.

किल्ली लपवली तर दुसरी त्यांच्या कमरेला. सांगून बघितलं तर म्हणतात, 'तू काचा घास.' मग मी म्हटलं, माणूस 'नको' म्हणत नाही तर गाडीनं म्हणावं. गल्ल्यांत ते सायकलच्या वेगानं जातात, सगळे ओळखतात, बाजूला होतात. हायवेवर कोण बाजूला होणार? ती फाट्याच्या आत थांबावी एवढीच व्यवस्था होती. भरली टाकी लवकर अडते हेही मी करून बघून शिकलो, तुझ्या परवानगीशिवाय.

तुझं पाकीट आलं. आप्पांनी अंगणात उभं राहून, चष्म्याशिवाय, चित्रासकट वाचलं. तार घातली, लाख काढली. संध्याकाळी तो काळा गोळा माझ्या ताटाशेजारी ठेवला. तेव्हापासून माझ्याशी अबोला आहे.

दुसऱ्या दिवशी चादरी घेऊन हायवेवर गेले. वेळेच्या आधी पोचले. परत आले तेव्हा गाडी अशी गुणगुणत होती की तू खूश झाला असतास. डाव्या अंगाला दारापासून मागच्या चाकापर्यंत निळ्या रंगाचा पट्टा. मी विचारलं, 'आप्पा, काय घासलं?' म्हणाले, 'कुठे काय?' मग वाकले, त्या पट्ट्यावर शेवटपर्यंत बोट फिरवलं, बोटाकडे बघितलं आणि आत जाऊन बसले.

त्या पट्ट्याबद्दल अजून कुणी विचारत आलेलं नाही. तुझ्या ताईला आता सगळं सांगितलंय. ती दाराशी बसून रस्त्याकडे बघत असते.

धुलाईखान्याचा बॉयलर दुरुस्तीला काढलाय, म्हणून दहा-बारा दिवस चादरी नाहीत. त्यानंतर आहेत. आप्पा कुणाचं ऐकत नाहीत, फक्त गाडीच्या बाबतीत तुझं ऐकतात. या वेळी इंजिनाविषयी लिहू नकोस.

भाऊजी


६ नोव्हेंबर

आप्पा,

हे पत्र तुम्ही चष्मा न लावता वाचाल आणि ताईला म्हणाल, बघ, दिसतंय की. दिसणारच. कागद समोर धरलाय. हायवे असा हातात धरता येत नाही.

भाऊजींवर अबोला धरलाय म्हणे. धरा. त्या माणसाला मी इतक्या शिव्या घातल्यात की तुमच्यासाठी काही उरलेलं नाही. पण त्यानं आपल्या पैशानं रोज टाकी भरली, तुमची शपथ पाळली आणि माझी पत्रं गिळली. एवढं मुकाट्यानं मला कधी जमलं नसतं, तुम्हालाही नाही.

आता माझं ऐका. पटवून घ्या म्हणत नाही, तपासून बघा म्हणतो. तुम्हीच शिकवलंय, तर्क लढवायचे नाहीत, पार्ट काढून बघायचा.

गाडी अंगणात लावा, इंजिन बंद. समोरच्या दोरीवर एक चादर टाका आणि तिच्या मधोमध कोळशाची खूण करा. आधी सीटवर ताईला बसवा. तिनं खुणेवरून नजर काढायची नाही. भाऊजींनी हातात पांढरा टॉवेल घ्यायचा, तो हलवत, गाडीपासून चार हात लांबून, डाव्या बाजूनं मागच्या चाकापासून हळूहळू पुढे चालत यायचं. टॉवेल दिसला की ताईनं हॉर्न मारायचा. हॉर्न वाजला त्या जागी जमिनीवर दगड ठेवा. चांगला पार्ट लावल्यावर गाडी कशी चालते ते आधी बघतो, तसं. मग उजव्या बाजूनं. मग तुम्ही बसा आणि तेच सगळं पुन्हा करा. नजर हलवायची नाही. ताई समोर चादरीजवळ उभी राहील आणि तुमच्या डोळ्यांकडे बघत राहील, म्हणून लबाडी करू नका. घरात सगळ्यात जास्त लबाडी तुम्हीच करता, डॉक्टरचा कागद बुटात कोण घालतं?

तुमचे दगड ताईच्या दगडांशेजारी पडले तर मी चूक, डॉक्टर चूक, आणि हॉटेलच्या चादरी तुम्ही जन्मभर पोचवा. मी खाली मान घालून ऐकून घेईन, काय बोलायचं ते बोला.

नाही पडले तर दोन्ही किल्ल्या भाऊजींच्या हातात द्या. कमरेची पण. ते गाडी शिकतील. त्यांना क्लच कुठल्या पायानं दाबतात हेही माहीत नाही. पाणी कुठून घालायचं म्हणून विचारणारा माणूस आहे तो. तुम्ही शेजारच्या सीटवर बसा आणि त्यांना शिकवा. मला शिकवताना डोक्यात टपल्या मारल्यात तशा त्यांनाही मारा, जावई म्हणून सूट देऊ नका. तुमचे कान मेकॅनिकच्या कानांपेक्षा चांगले आहेत. इंजिन कुठे तापलं, कुठला गिअर चुकला, हे तुम्ही डोळे बांधून सांगाल. त्या गाडीला दोन माणसं लागणार आहेत आता, एक बघणारा आणि एक जाणणारा. एकात दोन्ही मिळायचे दिवस गेले. रडून काय करायचं.

मी येणार नाही. तुम्ही भाऊजींना म्हणालात ते खरं आहे, मला पळायला निमित्त लागतं. या निमित्तावर मी येणार नाही. आज पहिल्यांदा मुकादमापुढे मान खाली घातली आणि शेडमध्ये परत घ्या म्हणालो. घेतलं त्यानं. तोंडात माती गेल्यासारखं वाटलं, पण ती तशीही रोज जातच होती.

आणि कुणी यायची वाट बघत घरात बसू नका. ताईचा हात धरा आणि चालत फाट्यापर्यंत जा. प्रत्येक टपरीवर, प्रत्येक गाड्यावर विचारा, निळं काय होतं आणि कुणाचं होतं. हातगाडी असेल, सायकल असेल, कुणाचा पाय असेल. तुम्ही स्वतः विचारायचं, भाऊजींना पुढे करायचं नाही. त्याचं जे मोडलं असेल ते भरून द्या, दवाखाना लागला असेल तर दवाखाना. काही उरलंच तर भाऊजींच्या शिकाऊ लायसन्सला. त्यासाठी आज मनीऑर्डर केलीय, ट्रकवाल्याकडून उसने घेऊन आणि माझं सगळं घालून: पाच हजार चारशे.